रविवारची सुटी कोणी दिली?

आज रविवार. सकाळचा दुसरा चहा घेत ही पुरवणी चाळणाऱ्याला ‘ही सुटी कोणी दिली?’ असे विचारले, तर बहुतेक जण ‘इंग्रजांनी’ म्हणतील. ते उत्तर निम्मेच खरे. कचेऱ्यांना रविवार होता. मुंबईच्या गिरण्यांत मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रे चालत आणि आठवड्याची हक्काची सुटी कोणालाच नव्हती.

१८८४ साली महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, एवढ्याच साध्या मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवार मान्य केला. आपला आजचा निवांतपणा असा सहा वर्षांच्या चिकाटीतून आला आहे.

हे सारे मला आठवते ते सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हसावदला. इथे गिरणी नव्हती. शेत होते आणि शेतावर सालदार होता. खानदेशात आखाजीला त्याचे साल ठरायचे आणि पुढचे वर्षभर दिवस-रात्र मालकाची. शहादे परिसरातील भिल्लांच्या जमिनी कर्जापायी गेल्या आणि तेच आपल्या शेतांवर मजूर झाले. १९७१ साली पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्तीची परिषद भरली, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्लांमधलाच माणूस पुढे होता. १९७४ साली ते अकालीच गेले. पण गेलेली जमीन परत मागायची, मजुरी मागायची, हे बळ माणसांत आले. बायकांनी तर दारूविरुद्धही मोर्चा वळवला. युनियन केवळ धुराड्याखालीच जन्मते, हा समज या भागाने खोटा ठरवला.

संघटनांचे सगळेच गोड मानावे, असे मी म्हणणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतल्या हजारोंची चूल पुन्हा नीट पेटली नाही. लढा कुठे थांबवायचा, हेही नेत्याला कळावे लागते. शिवाय ज्याचे नाव मस्टरवर, त्याचीच युनियन, ही सवय आपल्या कामगार चळवळीला फार महागात पडली.

कारण मस्टरबाहेरचा माणूस अजून आहेच. दिवाळी सरली की या पट्ट्यातली जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, कितीतरी गुजरातेत. मजुरी टनावर, कोयता थांबला की पैसा थांबला. फडात रविवार उगवत नाही. सोबतच्या लेकरांची शाळाही मागेच राहते.

लोखंड्यांच्या मागण्या आभाळाएवढ्या नव्हत्या, म्हणूनच त्या टिकल्या. तशीच एक लहान मागणी आज करावीशी वाटते. उचलीचा आणि वजनाचा हिशेब कागदावर, मजुराच्या हातात असावा; आणि त्यावर बाईचेही नाव असावे. मोळी तिनेही वाहिलेली असते.

पुरवणी मिटताना एवढे मनात राहिले, तरी रविवार सत्कारणी लागला.