चाळीस नावांची धारिका

प्राथमिक शाळेत चाळीस विद्यार्थी, किंवा एका वर्गात दहा. अल्पसंख्याक भाषेतून शिक्षणाची सोय करण्यासाठी १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने हा निकष मान्य केला. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आला व मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरले. पांढुर्णा आणि सौंसर येथे मराठी वर्गाची मागणी करणाऱ्यास म्हणूनच पहिला प्रश्न विचारला जातो: ही चाळीस नावे कोठे आहेत?

नावे असतात. ती एखाद्या कार्यकर्त्याच्या संगणकातील पत्त्यांच्या वहीत असतात, आणि ती वही ज्या प्रणालीत लिहिली त्याच प्रणालीत उघडते. यंत्र बिघडले, परवलीचा शब्द हरवला किंवा कार्यकर्ता निवर्तला, की गावोगाव फिरून जमविलेले संपर्क संपले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४ लेखी कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंद मान्य करते, परंतु ती पुढील संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध असावी, ही अट घालूनच. आपल्या बहुतेक याद्या या अटीवर टिकणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय अवघड नाही. गूगल संपर्कांत निर्यातीचा पर्याय आहे. तेथे सीएसव्ही किंवा व्हीकार्ड निवडता येते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर. तो कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. व्हीकार्ड एका भ्रमणध्वनीतून दुसऱ्यात संपर्क नेण्यास सोयीचे. दोन्ही काढून ठेवावीत. (फाईलला धारिका म्हणावे की नाही, हा वाद आज नको.)

खरी अडचण देवनागरीची आहे. जुन्या २.१ आवृत्तीच्या व्हीकार्डात मराठी नाव बरोबरीच्या चिन्हांनी जोडलेल्या संकेतांच्या माळेसारखे दिसते. २०११ च्या ४.० आवृत्तीत यूटीएफ-८ हीच संकेतप्रणाली ठरली. सीएसव्ही धारिकेवर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली, तर पुष्कळदा अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे येतात. धारिका बिघडलेली नसते. ती 'आयात' करून यूटीएफ-८ निवडावे. त्याच वेळी दूरध्वनीचा रकाना 'मजकूर' असा ठरवावा, अन्यथा ९१ ने सुरू होणारा बारा अंकी क्रमांक घातांकांत आकसतो. जुन्या अ-युनिकोड टंकांतील याद्या मात्र आधी युनिकोडमध्ये आणाव्यात. टंक गेला की त्या वाचता येत नाहीत.

आणि ळ. हिंदी कार्यालयात लिहिलेल्या यादीत 'काळे' हे 'काले' होतात, आणि शोध घेताना एक कुटुंब दोन ठरते किंवा सापडतच नाही. 'सौंसर' व 'सौसर' यांचेही तेच. माणूस आपले नाव जसे लिहितो तसेच नोंदवावे आणि गावाच्या नावाचे एकच रूप ठरवावे. चळवळ ज्या अक्षरासाठी भांडते ते तिच्याच यादीत नसावे, हे शोभत नाही.

हे सारे आताच का? १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्या विस्तीर्ण जिल्ह्याच्या बेरजेत येथील मराठी भाषक विरून जात. २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या पंधरा टक्के असेल तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे संरक्षण मान्य झालेले आहे. छेद लहान झाला, म्हणून आपले प्रमाण वाढले. ते मोजून दाखविणे मात्र आपल्याकडे आहे.

एक सावधानता. पालकांचे क्रमांक ज्या कामासाठी घेतले त्याच कामासाठी वापरावेत, व संमती विचारल्याची तारीख एका रकान्यात असावी. यादी समूहांत पसरवू नये. एक प्रत स्मृतिकांडीवर, एक दुसऱ्या तालुक्यातील सहकाऱ्याकडे, आणि एक कागदावर छापून, वर तारीख व गाव लिहून, अर्जांच्या नस्तीत लावावी.