मुंबई–नागपूर : अंतर किती?

मुंबई ते नागपूर अंतर किती, असा प्रश्न शाळेतील मुलास केला तर तो नकाशावर पट्टी ठेवील आणि सातशे किलोमीटरांच्या आसपासचे उत्तर देईल. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. विमान हा पल्ला सव्वा-दीड तासांत गाठते, मोटारीस महामार्गाने सुमारे आठ तास लागतात, आणि आगगाडीत अजूनही एक रात्र काढावी लागते. हे सर्व आकडे खरे आहेत. प्रश्न इतकाच, की त्यांतील कोणता कोणाच्या वाट्यास येतो?

वेगाला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत व टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा लाभ या शहरास तेव्हा विमानानेच मिळवून दिला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, त्याचेही आम्ही स्वागतच करतो.

परंतु अंतर केवळ किलोमीटरांत मोजावयाचे नसते, हे १९५३ च्या नागपूर कराराच्या कर्त्यांनी ओळखले होते. राजधानीचा मान सोडणाऱ्या नागपुरास त्यांनी शब्द दिला, की शासन ठरावीक काळ तेथे मुक्कामास येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी तेथे भरेल. यांतील ‘मुक्काम’ हा शब्द महत्त्वाचा. त्या काळी नागपूरचा प्रवास सोपा नव्हता, आणि आज तो दीड तासांवर आला आहे. अशा स्थितीत मुक्काम वाढावयास हवा होता. प्रत्यक्षात २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, अशा सहा दिवसांत आटोपले. येणे सुलभ झाले तसे परतणेही सुलभ झाले, असाच याचा अर्थ लावावयाचा काय?

दुसरी बाजू गडचिरोलीची. पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेथील शेतकऱ्याचा अर्ज मंत्रालयात अडला, तर त्याने कोणत्या विमानाची वेळ पाहावी? त्यास आधी नागपूर गाठावयाचे असते, आणि तेवढ्यातच त्याचा दिवस सरतो. त्याच्या लेखी मुंबई आजही १९५३ साली होती तितकीच दूर आहे.

उपाय अवघड नाही. ज्या कामांसाठी विदर्भातील माणसास मुंबईस यावे लागते, त्यांची यादी शासनाने करावी आणि त्यांतील शक्य तितक्या कामांचा निर्णय नागपुरातच देण्याचे अधिकार तेथील अधिकाऱ्यांस द्यावेत. अधिवेशनाचा काळ निदान काही आठवडे असावा आणि त्यात विदर्भाच्या प्रश्नांस पहिले स्थान मिळावे. मंत्री आणि सचिव दीड तासांत नागपुरास पोहोचू शकतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांनी ती सोय वरचेवर वापरावी, आणि पोहोचल्यावर परतीची घाई करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.