काडी टोचून पाहावीच लागते

परवा सांगलीत एका व्याख्यानाला गेले होते. विषय मनःशांतीचा. वक्ते रंगात आले आणि म्हणाले, काळजीवर गोळी घेणं म्हणजे धडधाकट माणसानं कुबडी घेणं. शिवाय डॉक्टरांनाच ठाऊक नसतं किती द्यायची! आज पाच, पंधरा दिवसांनी दहा. रात्रीची सकाळी, सकाळची रात्री. हे शास्त्र की प्रयोग? टाळ्या पडल्या. जिना उतरताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईनं मला गाठलं, पर्सची चेन अर्धी उघडून आतली पट्टी दाखवली आणि हळूच विचारलं, "बाई, मग मी उद्यापासून बंद करू का?"

तो प्रश्न कानावर पडला नसता तर मी गप्प बसले असते.

वक्त्यांचं म्हणणं चार वाक्यांत मावतं. काळजी सगळ्यांनाच असते. जुनी माणसं गोळ्यांवाचून जगली. गोळीची सवय लागते. आणि डोस सारखा बदलावा लागतो, म्हणजे कुणालाच काही कळत नाही.

काळजी सगळ्यांनाच असते, कबूल. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात आमच्या गावभागात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि त्यावर कुणी औषधही मागितलं नाही. पण पुढच्या फेब्रुवारीत, नदीचं पात्र उघडं पडलेलं असताना, मी पहाटे तीनला छातीत धडधडत उठायची आणि मोबाइलवर कोयनेच्या विसर्गाचे आकडे शोधायची. गावातला पूर ओसरला होता, माझ्या अंगातला नव्हता. पहिली काळजी, दुसरा आजार. हा फरक ज्यांना व्यासपीठावरून दिसत नाही त्यांनी आजारावर बोलू नये.

जुनी माणसं जगली, हेही खरं. त्यांतली काही मागच्या खोलीत, दार लावून जगली.

सवयीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अल्प्राझोलामसारखी गोळी तासाभरात शांत करते, आणि रोज घेतली तर काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागू शकते. माझ्या नात्यातल्या एका वयस्क बाईंनी जुन्या चिठ्ठीवर ती चार वर्षं घेतली. दुकानदार देत गेला, घरचे आणत गेले. २०१४पासून ही गोळी एच-वन यादीत आहे. डॉक्टरांचं, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते दुकानाच्या नोंदवहीत लिहावं लागतं. ही नोंद प्रामाणिकपणे होत नसेल तर त्यावर वक्त्यांनी तासभर बोलावं, मी पुढच्या रांगेत बसेन. पण एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधं निराळी. ती लगेच गुंगी आणत नाहीत, त्यांची तलफ लागत नाही. अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड होते, म्हणून ती पायरी-पायरीनं कमी करतात. दोन्हींना 'झोपेची गोळी' म्हणून एकाच पिशवीत कोंबणं हे अज्ञान आहे, आणि टाळ्या मिळवणारं अज्ञान जास्त घातक असतं.

आता डोसचं. वक्त्यांना वाटतं, इथं त्यांनी डॉक्टरांना पकडलं.

माझ्या माहेरी हळद व्हायची. काहिलीत हळकुंडं शिजत असली की वडील मधूनच एक बाहेर काढून त्यात काडी टोचायचे. काडी अडली तर आणखी जाळ, सहज आत गेली तर उतरवायची. कच्ची उतरली तर माल एकसारखा वाळत नाही, जास्त शिजली तर रंग जातो. पाणी, जाळ, कंदाची जाडी रोज वेगळी. म्हणून वेळही रोज वेगळी. "तुम्हाला किती वेळ शिजवायची ते ठाऊक नाही," असं वडिलांना कुणी म्हणालं नाही. काडी न टोचता घड्याळ बघून हळद उतरवणाऱ्यालाच लोकांनी अडाणी ठरवलं असतं.

माणसाचं शरीर हळकुंडापेक्षा सोपं आहे का? एकच गोळी दोघांनी घेतली तरी दोघांच्या रक्तात ती सारखी उरत नाही, कारण ती फोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमचा वेग माणसागणिक वेगळा. वय वाढलं की औषध शरीरात जास्त रेंगाळतं. सोबतच्या दुसऱ्या औषधांनी हिशेब बदलतो. एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच आठवडाभर लागतो, आणि खरा गुण यायला चार ते सहा आठवडे. सुरुवातीचे काही दिवस घालमेल उलट वाढू शकते.

माझी वाढली. मला पाच मिलिग्रॅम रात्री दिली होती. चार रात्री मी छताकडे बघत काढल्या. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, नाश्त्यानंतर घ्या. झोप परत आली. दोन आठवड्यांनी दहा. सहाव्या आठवड्यात पहाटेचं उठणं आठवड्यातून एकदोनदाच राहिलं. मग पंधरा करून पाहिली. वर्गात फळ्यापाशी उभी असताना जांभयांवर जांभया आणि हातांना असा घाम की खडू निसटायचा. परत दहा. हे सगळं वहीत आहे: तारीख, वेळ, झोपेचे तास, धडधड किती वेळा. मी गणित शिकवते. चुकत-सुधारत उत्तराजवळ जाण्याला आम्ही गोंधळ म्हणत नाही, रीत म्हणतो.

हा वाद जुनाच आहे. "इन्सुलिन सुरू झालं म्हणजे संपलं" हे मी लहानपणापासून ऐकत आले. युनिटं वाढली-घटली की हेच बोलणं: डॉक्टर अंदाजानं चालवतात. आज घरोघरी साखर मोजून युनिटं ठरतात. मिरजेला मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं. ऑपरेशनसाठी लांबलांबून लोक तिथं आले, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. कमीपणा उरला तो फक्त मनाच्या औषधाला, आणि असली व्याख्यानं त्यालाच खतपाणी घालतात.

मग करायचं काय? आधी थायरॉइड तपासून घ्या. तोही अशीच धडधड करतो. लहान डोसनं सुरुवात, एका वेळी एकच बदल, रोज एकच वेळ. वही ठेवा. समुपदेशन मिळत असेल तर जरूर घ्या. काहींना तेवढंच पुरतं, गोळी लागतही नाही. गोळी लागली तर बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागते, आणि ती थांबवायची ती डॉक्टरांसोबत. डॉक्टर गाठता येत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

त्या जिन्यात मी एवढं सगळं बोलले नाही. विचारलं, "किती दिवस झाले सुरू करून?" त्या म्हणाल्या, "नऊ." काडी टोचायचीही वेळ झाली नव्हती. मी त्यांच्या पर्सची चेन लावून दिली आणि म्हटलं, "उद्याची गोळी घ्या. आणि मला जे विचारलंत ते डॉक्टरांना विचारा."