दंड संपला, डाग संपेना

न्यायाधीश शिक्षा देतात ती वर्षांत आणि महिन्यांत मोजून देतात. तुरुंगाचा दरवाजाही त्याच हिशेबाने उघडतो. परंतु बाहेर आलेल्या मनुष्याला समाज जी दुसरी शिक्षा देतो तिला ना मुदत, ना अपील, ना माफी. त्याला भाड्याची खोली मिळत नाही; मुलीचे जमलेले लग्न मोडते; नोकरीच्या अर्जातील एका रकान्यापाशी लेखणी अडते. एकाच अपराधासाठी कोणास दोनदा शिक्षा करू नये, असे आमच्या राज्यघटनेचा विसावा अनुच्छेद सांगतो. मग ही दुसरी शिक्षा फर्मावण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

कायद्याचा न्यायही पाहण्यासारखा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे दोन वर्षे वा अधिक कैद झालेला पुढारी सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणुकीस उभा राहू शकतो. कायदे करणाऱ्या सभेत बसण्यास तो पात्र ठरतो. पण त्याच सभागृहाच्या दारावर शिपाई होऊ इच्छिणाऱ्यासाठी अशी कोणतीही सर्वसाधारण मुदत कायद्यात नाही! २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराने निकाली निघालेला जुना खटला प्रामाणिकपणे कळविला तरी त्याला नेमण्याची सक्ती मालकावर करता येत नाही. कोवळ्या वयातील क्षुल्लक अपराधाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा त्याच निकालात आहे. परंतु ती मालकाची मर्जी, उमेदवाराचा हक्क नव्हे. खोटे सांगितले तर मिळालेली नोकरी जाते. खरे सांगितले तर ती मिळतच नाही. मनुष्याने करावे तरी काय?

कायद्याला दयेचे तत्त्व ठाऊकच नाही असे नव्हे. परिवीक्षेवर सोडलेल्यास शिक्षेपायी येणारी अपात्रता लागू नये, अशी तरतूद १९५८ च्या कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बहुतेक अल्पवयीनांना तेच संरक्षण दिले. ब्रिटनने तर १९७४ सालीच ठरविले की, ठरावीक काळ सरळ वागलेल्याची जुनी शिक्षा बहुतेक व्यवहारांत नसल्यासारखीच मानावी. गंभीर शिक्षा व नाजूक जबाबदारीची कामे तेवढी वगळली. असा कायदा आमच्या संसदेने का करू नये?

परंतु सर्व दोष सरकारच्या माथी मारून आम्ही सुटत नाही. देवळाच्या मंडपात वाल्या कोळ्याचे आख्यान ऐकताना आमचे डोळे भरून येतात. किष्किंधाकांडात मरणोन्मुख वालीला प्रत्यक्ष श्रीराम मनूचे वचन सांगतात: राजदंड भोगलेला पापी पुण्यवंताप्रमाणे निर्मळ होतो. हे आम्ही श्रद्धेने ऐकतो आणि आरती झाल्यावर, शिक्षा भोगून आलेला शेजारी पायरीवर दिसला की अंग चोरून पुढे जातो. वाल्याला वंदन आणि शेजाऱ्याला मज्जाव, ही भक्ती कसली?

यावर कोणी म्हणेल, ‘उद्या दानपेटीची किल्ली चोराच्या हाती द्यावी काय?’ नव्हे. ज्याने अफरातफर केली त्याच्याकडे तिजोरी नको. ज्याने बालकास इजा केली त्याच्याकडे पाठशाळा नको. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे दुःख विसरावे असेही आमचे म्हणणे नाही. परंतु तारुण्यात मारामारी केलेल्या मनुष्याने वीस वर्षांनंतर महाप्रसादाचा भात शिजवू नये, बागेला पाणी घालू नये, यात सावधगिरी नसून निव्वळ सूड आहे. गुन्हा कोणता, काम कोणते आणि मध्ये वर्षे किती लोटली, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कोणासही नकार देऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

आपल्या देवस्थानांच्या समित्यांनी हा नियम आधी स्वतःस लावावा. ज्याला कोठेच थारा नाही तो पुन्हा जुन्याच सोबत्यांकडे वळला, तर त्या अपराधात आमचाही वाटा राहील. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम. ती संपली असे म्हणून मनुष्याला पंगतीत बसविणे हे आमचे. न्यायालयाने आपले काम केले आहे. आमचे अजून व्हावयाचे आहे.