मोडलेला खुबा आणि रक्ताची साक्ष

किनवट तालुक्यातील इस्लापूर परिसरात न्हाणीत पाय घसरून एखाद्या वृद्धाचा खुबा मोडला, की सहसा हाडाचीच चिंता केली जाते. परंतु जगभरातील अभ्यासांनुसार अशा रुग्णांपैकी साधारण पाचांत एक जण वर्षभरात दगावतो, आणि त्यामागे हाडापेक्षा अंथरुणाला खिळल्यावर होणारा न्यूमोनिया, हृदयविकार व मुळातला अशक्तपणा अधिक असतो. या अशक्तपणाची खूण रक्तात सापडते: हिमोग्लोबिन, पोषण व दाह यांची कल्पना देणारे अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन, आणि मूत्रपिंडांची कार्यक्षमता दर्शवणारे क्रिएटिनिन. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉटिंगहॅम गुणांकनात वय, स्मरणशक्ती व इतर आजारांच्या जोडीला दाखल होतानाचे हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर १० ग्रॅम किंवा त्याहून कमी असणेही धरले जाते आणि त्यावरून ३० दिवसांतील मृत्यूचा धोका अंदाजला जातो.

मात्र हा अंदाज समूहाचा असतो, एका माणसाचे भवितव्य नव्हे. त्यामुळे आकडे वाईट आले म्हणून शस्त्रक्रिया नाकारणे चुकीचे असून, रक्त चढवणे, पोषण सुधारणे आणि शक्यतो ४८ तासांत शस्त्रक्रिया करणे यांसाठीच त्यांचा उपयोग व्हावा. या साध्या तपासण्या तालुक्यातच तत्काळ झाल्या आणि अहवालासह रुग्ण जिल्ह्यातील विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात विनाविलंब पोहोचला, तरच त्यांना अर्थ राहील.