आधीं सांधा, मग इंजिन

रेडिओनें चालणारें लहान विमान बांधतांना मुलें इंजिनाची शक्ति पाहतात व पालक किंमत. सुकाणू हलविणाऱ्या तारेकडे कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें पहिली निवड तिचीच व्हावी. सर्व्होच्या भुजेपासून सुकाणूवरील शिंगापर्यंत तार सरळ व ताठ असावी. लांब व बारीक तार दाबानें वांकते. २ मिलिमीटरच्या तारेस नेमकें तेवढेंच भोंक हवें. सांधा ढिला असल्यास वेगांत सुकाणू फडफडूं लागतें व क्षणांत विमान मोडतें. टोंकाच्या चिमट्यावर रबरी कडें चढवावें, म्हणजे तो उघडत नाहीं. मोडलेलें विमान खालीं उभ्या असलेल्या कोणावरही पडूं शकतें. म्हणून पालकहो, चार पैशांची काटकसर येथें करूं नये.