घरट्याची रोजकीर्द

व्यापारी घरात लिहिण्याचे वळण लहानपणापासूनच लागते. दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी कीर्दीत उतरला पाहिजे; उद्यावर टाकलेली नोंद स्मरणाच्या भरवशावर राहते आणि स्मरण सोयीपुरतेच खरे बोलते, हे आपल्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाणले आहे. दुकानाच्या छपराखाली संसार थाटणाऱ्या पाखरांसाठी हीच शिस्त वापरली, तर काय हाती लागते, याचा विचार आज करू.

सुगरणीचेच उदाहरण घ्या. आपल्या भाषेत तिचे नावच स्त्रीलिंगी. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने तिचा खोपा घरोघरी पोचवला. त्यामुळे तो विणणारी मादीच, अशी सर्वसाधारण समजूत झाली. प्रत्यक्षात विणकर आहे तो नर. या संसाराचा खरा क्रम उलगडला तो १९३० च्या पावसाळ्यात, अलिबागजवळच्या किहीम येथे. डॉ. सालिम अली तेव्हा जर्मनीतून शिकून परतले होते आणि हाती नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास बसत आणि दिसेल ते टिपून ठेवत. नर खोपा अर्धा विणून थांबतो. मादी येऊन पारखते. तिला पसंत पडला तरच तो पूर्ण होतो. ती अंडी उबवू लागली की नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठी प्रयोगशाळा नव्हती. होता तो रिकामा वेळ, चिकाटी आणि तारीखवार लिहिलेली वही.

त्यापूर्वीच्या काळात घरट्यांचा अभ्यास म्हणजे बहुधा अंड्यांचा संग्रह असे. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला परिचित असलेले ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थानातील पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे मोल मोठे. परंतु त्या काळच्या संग्राहकाची पेटी भरे, तेव्हा घरटे रिकामे होई. ब्रिटनमध्ये १९३९ पासून सामान्य नागरिकांनी केलेल्या घरट्यांच्या नोंदी एकत्र करण्याची योजना सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. न घेता, न हलवता, केवळ पाहून आणि लिहून ज्ञान मिळवता येते, हा बदल अहिंसेचा संस्कार असलेल्या घरांना विशेष जवळचा वाटावा.

कोल्हापुरात यासाठी दूर जावे लागत नाही. जून ते सप्टेंबरदरम्यान उसाच्या शिवारात, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे लोंबताना दिसतात. चिमणी तर दुकानाच्या फलकामागे किंवा शटरच्या पेटीत घर करते. एक साधी वही पुरे. तारीख, वेळ, जागा, जमिनीपासूनची अंदाजे उंची आणि पाहिलेली हालचाल लिहावी. ‘पाहिले’ आणि ‘वाटले’ यांचे रकाने वेगळे ठेवावेत. जमा आणि नावे यांची सरमिसळ आपण करत नाही, तसेच हे. ‘आज काही हालचाल नाही’ हीदेखील नोंदच आहे. खाडाखोड करून जुनी नोंद सजवू नये. चूक आढळली तर नव्या तारखेस नवी ओळ लिहावी.

या वहीचा खरा उपयोग दिवाळीच्या साफसफाईत कळतो. फलकामागचा काडीकचरा आपण सहज ओढून काढतो. त्यात पिल्ले होती, हे नंतर ध्यानात येते. नोंद असेल तर प्रश्न सुटतो. चिमण्या काड्या नेत होत्या ती तारीख, चोचीत अळ्या-किडे घेऊन येऊ लागल्या ती तारीख, एवढे पुरते. किडे येऊ लागले म्हणजे पिल्ले बाहेर आली. तेथून सुमारे दोन आठवड्यांत ती उडतात. ये-जा पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावरच झाडू लावावा. चिमण्या त्याच जागी पुन्हा अंडी घालतात, म्हणून अंदाजावर न जाता वही पाहावी.

मात्र कुतूहलाचा भार पाखरावर पडू नये. घरट्यात हात घालू नये, फांदी वाकवू नये, पिल्लांवर फ्लॅश मारू नये. माणसाची वर्दळ वाढली की कावळ्याचे आणि मांजराचे लक्ष तिकडे जाते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तर वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे ही शिकारच मानतो.

दुकानात बसणाऱ्या आजोबांनी पाहावे, नातवाने लिहावे. पाच वर्षांची अशी वही साठली, तर चिमण्या कोणत्या महिन्यात आल्या, किती वेळा पिल्ले उडाली आणि कोणत्या वर्षी त्या आल्याच नाहीत, हे सांगायला दुसऱ्या कुणाची साक्ष लागणार नाही. यंदा नव्या वह्यांचे पूजन कराल, तेव्हा त्यांत एक वही पाखरांच्या नावाची असू द्या.